डोंगर कुठवर येईल?

स्वित्झर्लंडच्या सहलीवरून परतलेल्या मंडळींचे फोटो जरा निरखून पाहा. बर्फाची शिखरं, कुरणं, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई हे सगळं असतंच. पण गावाच्या डोक्यावरच्या उतारावर आडव्या रांगांत काळपट रेघोट्याही दिसतात. ती पोलादी कुंपणं. गुरांसाठी नव्हे, बर्फासाठी. साठलेला बर्फ उतारावरून सुटू नये, जागच्या जागी अडून राहावा, एवढंच त्यांचं काम. आल्प्समधली ही सगळी स्विस कुंपणं एका ओळीत मांडली तर लांबी ५०० किलोमीटरच्या पुढे जाते. पुण्याहून पणजी गाठून वर उरतील.

मात्र प्रत्येक डोंगराला कुंपण घालता येत नाही. ब्लाटेन गावाच्या वर जे घडत होतं, त्याला तर कुठलंच कुंपण पुरलं नसतं.

ब्लाटेन हे वालिस प्रांतातल्या लोचेनताल खोऱ्यातलं सुमारे ३०० वस्तीचं गाव. गावाच्या वर बिर्श नावाची हिमनदी आणि तिच्याही वर क्लाइनेस नेस्टहॉर्न हे शिखर. मे २०२५ मध्ये हे शिखर ढासळू लागलं. उंच डोंगरांत खडकांच्या भेगांमधला बर्फ वर्षानुवर्षं गोठलेलाच असतो आणि एका अर्थी तोच खडकाला सांधून ठेवतो. हवा तापली की हे सांधे ढिले पडतात. नेस्टहॉर्नवरून सुटलेले लाखो टन दगड थेट हिमनदीच्या पाठीवर येऊन पडले. हिमनदी म्हणजे फार सावकाश वाहणारा बर्फच. त्यावर एवढं ओझं आलं की तळाशी दाब वाढतो, पाणी सुटतं आणि बूड निसरडं होतं. बिर्शचा वेग दिवसाला काही मीटरवर गेला. हिमनदीच्या मानाने ही धावच म्हणायची.

१९ मे रोजी गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला. माणसं निघाली, गुरं निघाली, एका जखमी गाईला तर हेलिकॉप्टरने उचललं. नऊ दिवसांनी, २८ मेच्या दुपारी, बर्फ आणि दगडांचा अख्खा ढिगारा खाली आला. भूकंपमापकांनीही त्याची नोंद केली. गावाचा जवळपास ९० टक्के भाग गाडला गेला, उरलेल्या काही घरांत अडलेल्या लोंझा नदीचं पाणी शिरलं. एका माणसाचा जीव गेला. नऊ दिवस आधी तिथे ३०० माणसं राहत होती.

हे शहाणपण स्वस्तात आलेलं नाही. १८०६ मध्ये गोल्डाऊ गावावर दरड कोसळली तेव्हा ४५७ माणसं गेली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात हिमस्खलनांनी देशभरात ९८ बळी घेतले. त्यानंतर कुंपणांच्या आणि नकाशांच्या कामाला खरा जोर आला. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पोलादाची नाही, कागदाची आहे. धोक्याचा नकाशा.

या नकाशात गावाची जमीन रंगांनी वाटलेली असते. लाल पट्ट्यात घरात बसलेला माणूसही सुरक्षित नाही, तिथे नवं घर बांधायचं नाही. निळ्यात बांधा, पण अटी पाळून: डोंगराकडची भिंत जाड, त्या बाजूला खिडकी नको. पिवळ्यात धोका कमी. रंग ठरतो दोन प्रश्नांवरून: संकट किती वेळा येतं, आणि आलं तर किती जोराने? हिमस्खलनाचा हिशेब तर ३०० वर्षांतून एकदा येणाऱ्या घटनेपर्यंत मांडतात. तशा घटनेत दर चौरस मीटरवर सुमारे तीन टनांहून जास्त दाब पडणार असेल तर ती जागा लाल. आपल्या पणजोबांनीही न पाहिलेल्या बर्फासाठी आज प्लॉट सोडून द्यायचा! भांडणं होणारच, आणि तिथेही होतात.

नकाशा असला तरी ‘आत्ता निघा’ हे शेवटी कुणा माणसालाच म्हणावं लागतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये एवोलेन इथे हिमस्खलनात १२ जण दगावले. पुढे वेळीच पावलं न उचलल्याबद्दल दोघा स्थानिक जबाबदार व्यक्तींना न्यायालयाने दोषी ठरवलं. उलट बाजू ब्रिएन्झ गावाची. तिथले शंभराहून कमी रहिवासी १२ मे २०२३ पर्यंत गावाबाहेर पडले. मग वाट पाहणं. दिवस गेले, आठवडे गेले. १५ जूनच्या रात्री दरड सुटली आणि गावाच्या अगदी वेशीवर येऊन थांबली. घरं शाबूत. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच लोकांना पुन्हा घराला कुलूप लावायला सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

या साऱ्याच्या खूप आधीपासूनचा एक उपाय मात्र अजून उभा आहे. अंडरमाट गावाच्या वर उघड्या उतारावर झाडांचा एक एकाकी पट्टा दिसतो. १३९७ मध्ये गावकऱ्यांनी लेखी ठराव केला की या रानातून कुणी काही तोडायचं नाही, कारण तेच बर्फ अडवतं. आपल्या देवराईतही कुऱ्हाड चालत नाही; तिथे धाक देवाचा, इथे डोंगराचा. १८६८ च्या महापुरांनंतर १८७६ मध्ये देशाने डोंगरी जंगलांसाठी कायदाच केला. आज स्वित्झर्लंडच्या ४० टक्क्यांहून जास्त जंगलाकडे वस्त्या आणि रस्ते राखण्याचं काम आहे.

ब्लाटेनच्या लोकांना याच खोऱ्यात पुन्हा गाव वसवायचं आहे. त्यासाठी आधी नवा नकाशा हवा, कारण जुन्यात जिथे घरं होती तिथे आता ढिगारा आहे, आणि वर नेस्टहॉर्नचे दगड अजूनही सुटत असतात.