सोपारा ते वसई: उत्तर कोकणातील अवशेषांची पार्श्वभूमी

मुंबईचा इतिहास सात बेटे आणि इंग्रजांची कंपनी येथून सुरू करण्याची सवय इतकी रुळली आहे की, शहराच्या उत्तरेकडील खाड्यांकाठचे अवशेष त्या इतिहासाबाहेरचे वाटू लागतात. वास्तविक या किनाऱ्याची घडण त्याच खाड्यांवरील व्यापाराने झाली. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, म्हणजे झाकणाच्या डब्या, आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच सापडला, तर नवव्या लेखाचा भाग १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी आढळला. सोपारा आणि कल्याण येथील दात्यांची नावे कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत येतात, त्यावरून बंदरातील पैसा डोंगरातील विहारांपर्यंत कसा पोहोचला हे स्पष्ट दिसते.

पुढे शिलाहार राजघराण्याच्या काळात अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्ये उभे राहिले. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवर, नौकांची लढाई कोरलेली आहे. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यातील संघर्षाशी काही अभ्यासक तिचा संबंध जोडतात. या किनाऱ्यावर सत्तेचा निर्णय पाण्यावरही होत असे, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच सापडेल, आणि तरीही मुंबईकरांना तो फारसा ठाऊक नाही, ही मोठी खंत आहे.

गुजरातच्या बहादूरशाहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि बांधकामाची भाषाच बदलली. या बदलाचे सर्वांत स्पष्ट दर्शन बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात घडते: नटराजाचे शिल्प असलेल्या शैव लेण्याचे फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी सोळाव्या शतकात चर्च केले, त्याच्या वर मठ बांधला, आणि आज लेण्यातील शिल्पांसोबत भिंतीवर कोरलेला क्रूसही दिसतो. हे लेणे केवळ एका धर्माचे म्हणून पाहिले, तर त्याचा अर्धा इतिहास हातचा जातो.

चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर वसई जिंकली. तेथील चर्चच्या घंटा मराठी मुलखातील देवळांत गेल्या. भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर ही त्यांची सर्वपरिचित ठिकाणे. १७७४ मध्ये साष्टी बेट आणि १७८० मध्ये वसई इंग्रजांकडे गेली, आणि १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच.