ताब्याच्या दाव्यातली देखरेखीखालची भेट: मागचा इतिहास

मुलाचा ताबा एका पालकाकडे गेला की दुसऱ्याला 'ॲक्सेस', म्हणजे मुलाला भेटण्याची मुभा, मिळतो असे कोर्टात सर्रास बोलले जाते. पण ज्या कायद्याखाली हे दावे वर्षानुवर्षे चालत आले, त्या 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्यात या भेटीसाठी स्वतंत्र तरतूदच नाही. तेव्हा प्रश्न होता तो मूल कोणाच्या हवाली करायचे एवढाच, आणि कौल बहुधा बापाच्या बाजूने जाई. तरी मुलाचे हित पाहावे, ते जाणते असेल तर त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे कलम 17 तेव्हापासून सांगते. पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांबाबत हुकूम देण्याचा अधिकार न्यायालयाला दिला. 1956 मध्ये पाच वर्षांखालचे मूल सर्वसाधारणपणे आईजवळ राहावे असे ठरले. मात्र ज्याच्याकडे मूल नाही त्याने त्याला कधी, कुठे, कोणासमोर भेटायचे, हे न्यायाधीशांच्या तारतम्यावरच राहिले.

मुले ही आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नाहीत आणि खेळणीही नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1973 मध्ये बजावले. एवढे स्पष्ट बोलल्यावरही असे दावे मालमत्तेच्या आणि पैशांच्या भांडणांबरोबर दिवाणी न्यायालयातच चालत राहिले.

वेगळ्या न्यायालयाची कल्पना दुर्गाबाई देशमुखांची. 1953 च्या चीन दौऱ्यात त्यांनी तिथली कुटुंब न्यायालये पाहिली आणि परतल्यावर मुंबई उच्च न्यायालयातले छागला व गजेंद्रगडकर या न्यायमूर्तींशी आणि पंतप्रधान नेहरूंशी चर्चा केली. कायदा व्हायला 1984 साल उजाडले. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबईत कौटुंबिक न्यायालये सुरू झाली ती 1989 मध्ये. या कायद्याने समुपदेशकाला न्यायालयाच्या रचनेतच जागा दिली, आणि देखरेखीखालच्या भेटीला खरा आधार मिळाला तो इथे. मुलाला आणून सोडायचे, खोलीत बसून पाहायचे, वेळ संपली की परत द्यायचे, या सगळ्याला आता एक जबाबदार माणूस होता. वांद्र्याच्या न्यायालयातले 'चिल्ड्रन्स कॉम्प्लेक्स' याच गरजेतून आले. मुंबईतल्या कितीतरी आदेशांत भेटीचे ठिकाण म्हणून त्याचेच नाव असते.

मारहाण, व्यसन, अत्याचाराचा आरोप, मूल पळवून नेण्याची भीती किंवा वर्षानुवर्षांचा दुरावा असेल, तिथे कुणीतरी समोर असणे गरजेचेच आहे. मुलाच्या सुरक्षिततेत तडजोड नको. माझा आक्षेप वेगळा आहे. भेट कशासाठी देखरेखीखाली हवी याचे निकष कायद्यात कधी लिहिलेच गेले नाहीत. त्यामुळे कसलाही धोका नसताना, केवळ दोन घरांचा एकमेकांवर विश्वास नाही म्हणून, मूल कोर्टाच्या आवारात बापाला किंवा आईला भेटते. बाहेर बाकावर आजी बसलेली, दारातून वकिलांची वर्दळ चाललेली, आणि आत तासाभरात माया करायची. बिनधोक पालकावर ही पाळी येणे अन्यायाचे आहे, आणि मुलावर तर त्याहून अधिक.

अलीकडच्या आदेशांत मात्र बारकावा दिसतो. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेटीसोबत 'संपर्काचा हक्क'ही मानला. ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यावे, असे त्यात म्हटले आहे. काही आठवड्यांतच टाळेबंदी आली आणि कित्येकांसाठी व्हिडिओ कॉल हीच भेट झाली. डिसेंबर 2024 मध्ये तामिळनाडूतल्या एका लहानग्या मुलीला बापाला भेटण्यासाठी दर रविवारी दुसऱ्या शहरी नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने बदलला. भेट मुलीच्याच शहरात, बागेत किंवा देवळाच्या आवारात व्हावी, आणि आईने मध्ये न पडता साधारण दहा फुटांवर थांबावे, असे ठरले. देखरेख ठेवायची ती मूल घाबरू नये म्हणून, हे त्या अंतरातच दिसते.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेले, मूळचे सोलापूरचे अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने मे 2015 मध्ये 257 वा अहवाल दिला. 1890 च्या कायद्यात ताबा, मुलाचा खर्च आणि भेटीची व्यवस्था यांवर स्वतंत्र प्रकरण घालावे, अशी त्यात शिफारस होती. ती अजून कायद्यात उतरलेली नाही.