जोडीदाराला खरा वार द्या
(काली-एस्क्रिमा, म्हणजे फिलिपिन्सच्या काठी-चाकूच्या युद्धकलेच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी)

"सर, हुबुड येतं आता. चाकू काढून घ्यायला कधी शिकवणार?" प्रत्येक बॅचमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हा प्रश्न येतोच. एकेकाला उत्तर देताना सरावाची दहा मिनिटं जातात, म्हणून एकदाच लिहून देतो आहोत.

हुबुड, पूर्ण नाव हुबुड-लुबुड, हा जोडीने रिकाम्या हातांनी करायचा सराव. शब्दाचा अर्थ गाठ सोडणं आणि बांधणं. क्रम तुम्हाला पाठ आहे. समोरून मानेच्या रोखाने तिरका वार येतो. तो डाव्या हाताने अडवायचा, उजवा हात खालून घालून समोरच्याचा हात पलीकडे काढायचा, डाव्याने त्याच्या कोपराजवळ दाबायचं आणि उजव्याने आपला वार द्यायचा. मग तेच सगळं समोरचा करतो. आठवड्याभरात हात आपोआप चालायला लागतात आणि वाटतं, जमलं.

चूक इथेच होते, आणि ती अडवणाऱ्याची नसते, वार देणाऱ्याची असते. जोडीदाराचा हात कुठे येणार हे माहीत झालं की वार मानेवर न जाता त्या हातावरच जायला लागतो. हातावर हात आपटतात, आवाज छान येतो, वेग वाढतो. अशा जोडीतल्या एकाला आम्ही हळूच सांगतो, "या वेळी हात उचलू नकोस." दुसऱ्याची मूठ मानेच्या वीतभर अलीकडे हवेत थांबते. म्हणजे इतके दिवस जो वार अडवला, तो पोचणारच नव्हता.

या सवयीवर चाकूचा सराव चढवला की सगळंच कोसळतं. हवेत लोंबकळणाऱ्या हातातून चाकू काढणं कुणालाही जमतं. समोरच्याने खरोखर पुढे पाऊल टाकून वार केला की तोच विद्यार्थी गोंधळतो, आणि आम्हाला त्याला पुन्हा रिकाम्या हातांवर आणावं लागतं. दोन-तीन आठवडे जातात. तुमचीच फी, तुमचाच वेळ.

यावर उपाय म्हणजे हळू करा, पण अंगावर करा. मानेखालच्या आडव्या हाडावर (कॉलरबोनवर) नेम धरा. जोडीदाराने अडवलं नाही तर मूठ अलगद टेकली पाहिजे. वेग निम्मा ठेवा, अंतर पूर्ण ठेवा. ज्यांनी दांडपट्ट्याने लिंबू कापलं आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. तिथे अंतर चुकलं की लिंबू तसंच राहतं.

चाकूच्या सरावात आम्ही लाकडी चाकूच्या धारेला पांढरा खडू चोळतो आणि तुम्हाला काळा टी-शर्ट घालायला सांगतो. पाच मिनिटांनी थांबून बघायचं. चांगल्या जोडीच्या मनगटांवर, कोपराच्या आत, कधी पोटावरही रेघा असतात. दोघांचे शर्ट कोरे असतील तर आम्ही शाबासकी देत नाही, कारण वार पोचलेच नाहीत. चांगल्या जोडीलाही एवढे वार लागतात, या रेघा पाहिल्या की चाकू काढून घेणं आम्ही इतकं उशिरा का शिकवतो, हेही कळतं. आणि रस्त्यावर चाकू दिसला तर आधी पळायचं, हे आम्ही पहिल्या दिवशीच सांगतो.

"एकच ड्रिल किती दिवस?" अशीही तक्रार असते. फिलिपिन्सच्या पद्धतीत वारांना क्रमांक असतात, आणि ते दिशेवरून पडतात, हत्यारावरून नाही. एक नंबरचा तिरका वार काठीचा असो, चाकूचा असो की मुठीचा, वाट तीच. म्हणून तिकडे काठी आधी हातात देतात आणि रिकामे हात त्यातून घडवतात. हुबुड पक्कं झालं की तेच तुम्ही चाकूसाठी वापरता, नवं काही पाठ करावं लागत नाही. सिनावाली या दोन काठ्यांच्या सरावाचं नावही 'सावाली'वरून, म्हणजे बांबूच्या विणलेल्या तट्ट्यावरून आलेलं आहे. वीण एकच, ती घट्ट बसेपर्यंत विणायची.

पालक विचारतात, हे मुलांना शिकवावं का? फिलिपिन्सने २००९ साली कायदा करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि खेळ म्हणून मान्यता दिली. आर्निस, एस्क्रिमा, काली ही याच परंपरेची नावं. आमच्याकडे मुलांच्या बॅचला फक्त काठी आणि रिकामे हात असतात. घरातला खरा चाकू कुणीही, मोठ्यांनीही, वर्गात आणायचा नाही.

काठी वेताचीच घ्या, साधारण २८ इंची. बांबू पोकळ असतो, फुटला की त्याच्या चिरफळ्या उडतात. वेत भरीव असतो, मार खाऊन त्याचे तंतू सुटतात, तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळायची. तशा काठ्या आणि लाकडी चाकू वर्गातच मिळतात, आणि काठी देताना ती तुमच्या हाताच्या लांबीला बसते का, हे आम्ही बघून देतो.

शनिवारी सकाळी जुन्या विद्यार्थ्यांसाठी तासभर फक्त संथ हुबुड असतं, त्याची वेगळी फी नाही. ज्यांचे वार हवेत थांबतात त्यांनी पुढचे चार शनिवार यावं. काळा टी-शर्ट घालून या, खडू आमच्याकडे आहे.