मोटारसायकलवरील उपग्रह रेडिओ

उपग्रहावरून थेट येणारे ध्वनिप्रक्षेपण चालत्या दुचाकीवर ऐकता यावे यासाठी निवडलेल्या व गाडीवर पक्क्या बसवलेल्या रेडिओसंचास मोटारसायकलवरील उपग्रह रेडिओ म्हणतात. संच, आकाशाकडे तोंड करून बसवलेला अँटेना, बॅटरीवरून घेतलेली वीज आणि कानापर्यंत आवाज पोचवण्याची सोय हे त्याचे भाग होत. त्यांत अँटेना सर्वांत महत्त्वाचा, आणि बसवताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तेही त्याच्याकडेच.

ही पद्धत रुजली ती उत्तर अमेरिकेत. तेथे एक्सएम ही सेवा २००१ मध्ये व सिरियस २००२ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये दोन्ही एकत्र आल्या. त्यांचे प्रक्षेपण २.३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते व त्याचा झोत त्याच खंडाकडे वळवलेला असतो. त्यामुळे परदेशातील नातेवाइकाने हौसेने पाठवलेला तिकडचा संच अमळनेरात किंवा शहाद्यात कितीही नीट बसवला तरी मुकाच राहतो. भारतात वर्ल्डस्पेस या कंपनीची उपग्रह रेडिओसेवा २००० मध्ये आली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद पडली. तिच्या ‘गंधर्व’ वाहिनीवर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत लागत असे, आणि तशी वाहिनी गेल्याची हळहळ रसिकांना वाटणे स्वाभाविक आहे. जुन्या बाजारात दिसणारा तिचा संच आता संग्रहापुरताच घ्यावा.

उपग्रहाची दिशा कळली की खानदेशातील अडचण लगेच लक्षात येते. वर्ल्डस्पेसचा एशियास्टार हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. जळगावहून पाहता ही जागा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ४९ अंश उंचीवर येते. उत्तरेकडील सातपुड्याचा तिला अडथळा नव्हता आणि तापीकाठच्या सपाट काळ्या रानात तर आकाश चारही बाजूंनी मोकळे असते. मात्र चाळीसगावहून कन्नडकडे औट्रम घाट चढताना डोंगर दक्षिणेकडे येतो, आणि रस्त्यालगतचा कडा किंवा दाट झाडी मध्ये आली की संदेश तुटतो. शिवाय त्या संचाचा चपटा अँटेना उपग्रहाच्या रोखाने धरावा लागे. धुळ्याहून जळगावकडे जाताना उपग्रह उजव्या हाताला पुढे असे, तर परतताना तोच डाव्या हाताला मागे जाई. म्हणून चालत्या गाडीवर तो संच कुचकामी ठरे आणि गाडी थांबवून ऐकण्यापुरताच उपयोगी पडे. अमेरिकी सेवांनी ही अडचण चारही दिशांनी संदेश घेणाऱ्या लहान अँटेनाने आणि तोच कार्यक्रम काही सेकंदांच्या अंतराने दुसऱ्या उपग्रहावरून पाठवून सोडवली. पुलाखालून जाताना आवाज तुटत नाही तो यामुळेच.

अँटेनाची जागा ठरवताना वर फक्त आकाश असावे हा एकच नियम पाळावा. प्लास्टिकच्या डिक्कीचे झाकण लहरी अडवत नाही, पत्र्याचे अडवते. टाकीवर ठेवलेल्या अँटेनावर चालकाची छाती झुकते आणि मागे बसणाऱ्याचे अंगही आड येते. चुंबकी अँटेना मोटारीच्या पत्र्याच्या टपासाठी बनवलेला असल्याने मोटारसायकलवर त्याच्याखाली तळहाताएवढी लोखंडी पट्टी द्यावी. त्याची वायर प्लगच्या वायरीपासून व इग्निशन कॉइलपासून दूर न्यावी, अन्यथा संचाच्या आवाजात इंजिनाची खरखर मिसळते.

संच हँडलवर बसवतात. एका सिलिंडरच्या गाडीचे हादरे साध्या नटाला टिकू देत नाहीत. यावर गॅरेजवाल्यांचा सोपा उपाय असा की क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा आणि नायलॉनचा लॉकनट लावायचा. उपाय स्वस्त आहे, पण खरोखर टिकतो. त्यानंतर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून कोठेही वायर ताणत नाही ना, हे पाहावे. वीज किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या वायरीवरून घ्यावी व बॅटरीजवळ फ्यूज द्यावा. राजदूतसारख्या जुन्या गाडीत बॅटरी ६ व्होल्टची असते, आणि १२ व्होल्टचा संच तिच्यावर चालत नाही.

आज खानदेशात ही सारी जुळणी फोनसाठी किंवा आकाशवाणी ऐकण्याच्या लहान एफएम संचासाठी कामी येते. हातात फोन धरून गाडी चालवणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार धोकादायक वाहनचालन ठरते, त्यामुळे पक्का धारक ही आता हौस राहिलेली नाही. दोन्ही कानांत इअरफोन घालून महामार्गावर जाणे तर सर्वथा टाळावे, कारण मागून येणाऱ्या केळीच्या ट्रकचा हॉर्न त्यात ऐकू येत नाही. मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर चढतो, तेव्हा भुसावळ किंवा रावेरच्या बाजारात गाडी उभी करताना संच धारकातून काढून खांद्यावरच्या पिशवीत ठेवावा. बंद डिक्की उन्हात भट्टीसारखी तापते.