बिअर दुसऱ्या फर्मेंटरमध्ये काढायची घाई कशाला?

घरी बिअर करणाऱ्यांत एक जुना नियम अजून चालतो, आठवडा झाला आणि एअरलॉकमधले (झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या नळीतले) बुडबुडे थांबले की बिअर लगेच दुसऱ्या फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, काढायची, नाहीतर तळाचं यीस्ट मरून सगळ्या बिअरला वास मारणार. यीस्ट मेलं की त्याची पेशी स्वतःच्याच एन्झाइम्सनी विरघळते हे खरंय, त्याला ऑटोलिसिस म्हणतात आणि त्याचा वास जळक्या रबराच्या जवळ जातो. पण ही भीती मोठ्या ब्रुअरींतली, तिथे टाक्या उंच, तळाच्या यीस्टवर प्रचंड दाब आणि गाळात उष्णता अडकलेली. घरच्या 20 लिटरच्या बादलीत बिअर तीन-चार आठवडे गाळावर राहिली तरी सहसा काही बिघडत नाही.

बिघडतं ते ओतताना, हवा मिसळून! सुरुवातीला यीस्टला ऑक्सिजन लागतोच, त्यातून ते स्टेरॉल नावाचे मेद बनवतं आणि नव्या पेशींची पटलं धड राहतात, पण आंबणं संपल्यावर तोच ऑक्सिजन हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) सुगंध मारतो आणि बिअर लवकर शिळी करतो. शिळ्या बिअरला जी पुठ्ठ्यासारखी चव येते ती बरीचशी ट्रान्स-2-नोनेनल या रसायनाची, आणि हे लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमच्या आसपास असलं तरी जिभेला कळतं. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जड असतो, तो बिअरवर पांघरूण घालून बसतो असं सांगणारे भेटतात, तर तसं काही नाही, वायू एकमेकांत मिसळतातच.

शिवाय बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं असंही नाही, झाकण जरा सैल असलं तरी ते थांबतात. हायड्रोमीटरवर (बिअरची घनता मोजायच्या तरंगत्या नळीवर) सलग दोन-तीन दिवस एकच आकडा, समजा 1.012, आला की मग खरं. त्यानंतरही यीस्ट डायअसिटिल हे आंबताना तयार झालेलं, बटरसारख्या वासाचं रसायन शोषून घेत असतं, आधीच काढलीत तर बिअरला बटरचा वास राहतो, म्हणजे घाईचं बक्षीस.

फळं घालायची असतील, ओक लाकूड टाकायचं असेल किंवा काही महिने मुरवायची असेल तर मात्र काढा. सायफनचं (बिअर खाली ओढून घेणाऱ्या पाइपचं) वरचं टोक गाळाच्या वर धरायचं, खालचं नव्या भांड्याच्या तळाला टेकवायचं, धार वरून पडता कामा नये, आणि पाइप तोंडाने ओढू नका प्लीज, सॅनिटायझरने भरून सुरू करा. भांडं गळ्यापर्यंत भरलं की वर हवा कमी उरते. फळं असतील तर थोडी जागा ठेवावीच लागते, कारण त्यांच्या साखरेवर यीस्ट पुन्हा जोर धरतं, फेस येतो, आणि निघणारा वायू वरची बरीचशी हवा बाहेर ढकलतो.