पहाटेच्या गाडीने येताय? मग रूम बुक करायच्या आधी एवढं वाचून घ्या

मुंबईहून आमच्या बुटीक हॉटेलात येणारे बरेच पाहुणे देवगिरी एक्स्प्रेसने येतात, आणि ती संभाजीनगरला लागते पहाटे, बाहेर मिट्ट काळोख, आणि चेक-इन दुपारी बाराला, मग सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. रूम रात्री रिकामी राहिली असेल तर सकाळी सहाच्या आत आलात की अर्धं भाडं, सहानंतर आलात तर जास्तीचं काहीच नाही. पण रूम रिकामी असेलच याची गॅरंटी आम्ही देत नाही, शनिवार-रविवारी तर विसराच. पहाटे आल्या आल्या पाठ टेकायचीच असेल, लहान लेकरं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील, तर सरळ आदल्या रात्रीपासून बुकिंग करा.

मागच्या हिवाळ्यात एक फॅमिली दोन लेकरं घेऊन सकाळी दहापर्यंत आमच्या लॉबीतल्या सोफ्यावर बसून होती, चूक त्यांची नव्हती, आम्हीच फोनवर नीट सांगितलं नव्हतं. तेव्हापासून खालच्या मजल्यावर दोन बाथरूम फक्त पहाटे येणाऱ्यांसाठी ठेवलेत, गरम पाणी, टॉवेल, सामानाला लॉकर, त्याचे पैसे घेत नाही.

आणि खरं सांगू का, पहाटे आलात तर झोपूच नका! आंघोळ करा, सुशीला आणि चहा घ्या (चुरमुऱ्याचा असतो, पोहे समजून खाऊ नका) आणि गाडी काढून वेरूळला निघा, तीसेक किलोमीटर आहे. तिथल्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला, म्हणजे सकाळी समोर सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं, एप्रिल-मेमध्ये तर दुपारी कैलास बघायला उभं राहवत नाही. दौलताबादचा किल्ला वाटेतच आहे पण भर दुपारी चढायला जाऊ नका, पायऱ्या लय आहेत.

वार मात्र बघून या. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. रविवारी येऊन सोमवारी अजिंठा करू म्हणणारे पाहुणे दर महिन्याला भेटतात, बिचारे. अजिंठा साधारण शंभर किलोमीटर, त्यामुळे त्याला अख्खा दिवस द्या, आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने.

आता हॉटेलबद्दल. बुटीक म्हणजे काय असं फोनवर खूप जण विचारतात. आमच्यापुरतं सांगायचं तर चौदाच रूम, एकसारखी एकही नाही, भिंतीवर हिमरूचं कापड, आणि नाश्ता तुम्ही उठाल तेव्हा. स्विमिंग पूल नाही. बाथटबही नाही, मुद्दाम नाही, ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथं एकेका माणसाने टब भरून आंघोळ करावी हे आम्हाला काही पटलं नाही. शॉवर भरपूर चांगला आहे, काळजी करू नका.

स्टेशन पायी पाच मिनिटांवर, म्हणजे भोंगे ऐकू येणारच. पुढच्या रूमना बाल्कनी आहे, लेकरांना गाड्या बघायला मजा येते, पण झोप हलकी असेल तर मागची रूम मागून घ्या. बाहेर पडलात की रिक्षावाले विचारतील, "कुठं जायलात साहेब?" आणि ते हॉटेल बंद पडलंय असंही कुणी सांगेल, ऐकू नका, आम्हाला फोन करा, आमचा माणूस सामान घ्यायला येतो.

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं, एकाचं चालत नाही. आधार, लायसन, व्होटर कार्ड, पासपोर्ट यातलं काहीही द्या, पॅन कार्ड नको, त्यावर पत्ता नसतो. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7500 रुपयांपर्यंतच्या रूमला जीएसटी 5 टक्के लागतो, त्याहून महाग रूमला 18 टक्के, आमच्या दोन मोठ्या रूम सोडल्या तर बाकी सगळ्या 5 टक्क्यांतच बसतात.

चेकआउट अकराला, पण परतीची देवगिरी रात्री उशिरा असते, तोवर सामान फुकट ठेवा आणि शहर फिरा. जेवायला ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा रोज असतं, नान-खलिया (मटणाचा रस्सा आणि नान) हवा असेल तर दुपारी चारच्या आत सांगा, तो आम्ही जुन्या शहरातून मागवतो आणि उशीर झाला की संपलेला असतो.