एचआयव्हीचा पुनर्संसर्ग

एचआयव्हीची लागण होऊन शरीराने त्याविरुद्ध प्रतिकार उभा केल्यावर त्याच व्यक्तीला दुसऱ्या कोणाकडून वेगळ्या एचआयव्हीची लागण होणे म्हणजे पुनर्संसर्ग. डॉक्टर याला सुपरइन्फेक्शन म्हणतात. पहिला विषाणू शरीरातून गेलेला नसतो, दुसरा त्यात भर घालतो. दोन्ही एकदमच शिरले तर तो सहसंसर्ग.

असे काही घडत असावे, हे विषाणूच सांगत होता. एकाच पेशीत दोन वाण शिरले की त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊन संकरित विषाणू जन्मतो. एचआयव्हीचे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे अनेक उपप्रकार आहेत. भारतात ‘सी’ उपप्रकाराचे प्राबल्य आहे, तरी पुण्यातील नव्या बाधितांकडून मिळालेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विषाणूच्या सहा संपूर्ण जीनोमपैकी (जनुकसंचांपैकी) एकात ‘ए’ उपप्रकाराचे तुकडे सापडले. असा संकर दुहेरी लागणीशिवाय होत नाही. मात्र ती एकदम झाली की मागाहून, हे त्यावरून कळत नाही.

मागाहून झालेल्या लागणीची माणसातील पहिली स्पष्ट उदाहरणे २००२ मध्ये पुढे आली. त्यांपैकी बोस्टनमधील रुग्ण सर्वांत बोलका. त्याच्या टी-पेशी (बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) विषाणूच्या २५ वेगवेगळ्या तुकड्यांना ओळखत होत्या, औषधे थांबवल्यावरही विषाणू आटोक्यात होता. मग तो एकाएकी उसळला. तपासणीत दुसराच विषाणू निघाला, तोही त्याच ‘बी’ उपप्रकाराचा. दोघांच्या प्रथिनांत फरक सुमारे १२ टक्के; पण तेवढ्याने जुन्या प्रतिसादांपैकी जवळपास निम्मे निकामी झाले. लसीच्या संशोधकांना हा मोठा धक्का होता, कारण खऱ्या लागणीने घडवलेली प्रतिकारशक्तीही जवळच्या भावंडाला अडवू शकली नव्हती.

म्हणून ती अगदीच कुचकामी, असेही नाही. केनियातील मोम्बासा येथील महिलांमध्ये पुनर्संसर्गाचा दर पहिल्या लागणीच्या सुमारे निम्मा आढळला. युगांडातील राकाई जिल्ह्यात मात्र दोन्ही दरांत लक्षणीय फरक दिसला नाही. प्रतिपिंडांबाबतही एकवाक्यता नाही. काही अभ्यासांत पुनर्संसर्ग झालेल्यांची निष्प्रभावक प्रतिपिंडे (विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखणारी प्रथिने) आधीपासून दुबळी होती, काहींत तसे नव्हते. मोम्बासाच्याच महिलांत दुसऱ्या लागणीनंतर ही प्रतिपिंडे अधिक प्रबळ झाली आणि अनेक वाणांना रोखू लागली. लसीच्या दृष्टीने हा धागा मोलाचा आहे, रुग्णाच्या दृष्टीने नव्हे: त्याच्या रक्तातील विषाणू वाढू शकतो, सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारक पेशी) झपाट्याने घटू शकतात, आणि नवा वाण औषधरोधक असल्यास चालू गोळ्या लागू पडेनाशा होऊ शकतात.

‘दोघेही पॉझिटिव्ह, मग निरोध कशाला?’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. अर्थात, नियमित एआरटीने (एचआयव्हीविरोधी औषधोपचाराने) रक्तातील विषाणूभार मोजता न येण्याइतका खाली असलेल्या जोडीदाराकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. नेहमीच्या एचआयव्ही चाचणीत पुनर्संसर्ग दिसत नाही. त्यासाठी आधीच्या व नंतरच्या रक्तनमुन्यांतील विषाणूंचा जनुकक्रम ताडून पाहावा लागतो.